सादळू न देणारी पट्टी: एका पावसाळ्याचे परीक्षण

परीक्षणाला घेतलेली वस्तू अगदी किरकोळ आहे: मधुमेहावरच्या पंधरा गोळ्यांची, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली एक पट्टी. चिपळूणच्या बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानातून ती जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतली. आत व्हिल्डाग्लिप्टिन ५० मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी आहे. माझ्या आईला ही गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, आणि आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच जातीची पट्टी आज कितीतरी कंपन्या बनवतात. गोळी कोणाला लागू पडेल आणि कोणाला नाही हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, त्यात मी पडणार नाही. मी पहिली नऊ वर्षे लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळीत जाणारे मूळ औषध बनवणाऱ्या, कारखान्यात आणि पुढची अठरा वर्षे गोव्यात वेर्ण्याला गोळ्यांच्या पॅकिंगमध्ये काढली. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की आधी चौकटीचे सांधे पाहतो, तशी माझी नजर औषध हातात आले की पट्टीच्या कडांवर जाते.

या परीक्षणाचे निमित्त मात्र वेगळे होते. मुलीने पुण्याहून आजीसाठी सात वारांचे सात कप्पे असलेली प्लास्टिकची डबी पाठवली. कल्पना चांगली होती; रविवारी आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवायच्या, म्हणजे चुकण्याची भीती नाही. पुण्यात ती डबी वर्षभर चालेल. आमच्याकडे मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर गुरुवारच्या कप्प्यातल्या गोळ्यांची चकाकी गेलेली दिसली, आणि शनिवारच्या दोन गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. आई म्हणाली, "गोळ्या सादळल्या रे." पापड, पोहे, काडेपेटी, मीठ यांच्यासाठी आपण जो शब्द वापरतो तोच तिने औषधाला लावला आणि तो नेमका होता. पत्नीने सुचवले, "अहो, पापडाच्या डब्यात ठेवून बघा की." त्या सूचनेतही तथ्य होते, पण तोवर माझ्यातला पॅकिंगवाला जागा झाला होता.

मग १५ जून ते १५ सप्टेंबर असे तीन महिने स्वयंपाकघरातल्या एकाच फळीवर चार गोष्टी मांडून ठेवल्या. पहिली ही ॲल्युमिनियमची पट्टी. दुसरी शेजारच्या काकूंची सिटाग्लिप्टिनची पट्टी, जिच्या एका बाजूला पारदर्शक प्लास्टिक आणि दुसऱ्या बाजूला पातळ फॉइल असते. तिसरी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची कापून आणलेली अर्धी पट्टी, जिचा एक कप्पा कात्रीने उसवला होता. आणि चौथी ती पुण्याची डबी. शेजारी आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवले होते. जुलैत त्याचा काटा ८५ टक्क्यांच्या खाली क्वचितच आला, आणि भात शिजत असताना तर तो थेट टोकाला जाऊन टेकत असे. औषधाचे आयुष्य ठरवताना प्रयोगशाळेत सहा महिन्यांची जी कडक परीक्षा घेतात ती ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत होते. उष्ण आणि अतिदमट प्रदेशांसाठीची दीर्घ मुदतीची परीक्षा ३० अंश आणि ७५ टक्क्यांवर घेतात. आमची फळी आर्द्रतेत या दोन्हींच्या पुढे होती. त्यामुळे कोकणातले स्वयंपाकघर हे औषधाच्या पट्टीसाठी कोणत्याही जाहिरातीपेक्षा कठोर परीक्षक आहे, असे मी जबाबदारीने म्हणू शकतो.

निकाल असा. डबीतल्या गोळ्या पाचव्या दिवशी बाद झाल्या. ॲस्पिरिनच्या उसवलेल्या कप्प्याला तीन आठवड्यांत शिरक्याचा वास येऊ लागला. हा वास कल्पनेचा नव्हे. ॲस्पिरिनच्या रेणूला पाणी मिळाले की तो फुटतो आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, शिरक्यात असते तेच. काकूंच्या पारदर्शक पट्टीतल्या गोळ्या डोळ्यांना ठीक दिसल्या. ॲल्युमिनियमच्या पट्टीतली गोळी तीन महिन्यांनी काढून गावातल्या सोनाराच्या काट्यावर, पहिल्या दिवशी तोललेल्या गोळीच्या शेजारी ठेवली, तेव्हा काट्याने फरक दाखवला नाही. सोनाराने मात्र माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती परीक्षणात नोंदवण्याची गरज नाही. घरगुती परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. गोळीतले औषध किती टक्के शाबूत आहे हे रंग, वास आणि वजन यांवरून ठरत नाही. त्याला मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र लागते आणि ते सोनाराकडे नसते.

आता या पट्टीच्या घडणीकडे वळतो, कारण औषध उद्योगात नवे काही का घडते याचे उत्तर मला एखाद्या परिषदेपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसते. कारखान्यात हिला अलू-अलू म्हणतात. आमच्या पाळीतले कामगार 'अळू-अळू' म्हणत आणि ते नाव चुकीचेही नव्हते. अळवावर पाणी ठरत नाही, तसे हिच्यावरही ठरत नाही. खालचा थर तीन पदरांचा असतो: बाहेरून २५ मायक्रॉन नायलॉन, मध्ये ४५ मायक्रॉन ॲल्युमिनियम आणि आतून ६० मायक्रॉन पीव्हीसी. साध्या पट्टीत प्लास्टिक तापवून मऊ करतात आणि त्यात गोळीचा खळगा उठवतात. ॲल्युमिनियम तापवून भागत नाही. ते थंडच ठोशाने ओढावे लागते. फार खोल किंवा उभ्या कडेचा खळगा ओढला तर पत्रा कोपऱ्यात तडकतो, म्हणून खळगा पसरट आणि गोळीपेक्षा बराच मोठा ठेवावा लागतो. त्यामुळे पट्टी मोठी होते, खोका मोठा होतो, यंत्राचा वेग उतरतो आणि फॉइलचा खर्च कितीतरी वाढतो. ओढताना सुईच्या टोकाहून बारीक भोक पडले तरी सगळा उपद्व्याप फुकट जातो. म्हणून दर काही वेळाने नमुन्याच्या पट्ट्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून हवा खेचून घेतात आणि मग कप्पे फोडून पाहतात. एक जरी गोळी निळी निघाली, तर त्या पाळीला घरी जायला उशीर होतो. मी अशा कितीतरी संध्याकाळी वेर्ण्यात घालवल्या आहेत.

इतकी महाग आणि कटकटीची पट्टी कोणी हौसेने बनवत नाही. व्हिल्डाग्लिप्टिनचा रेणू ओलाव्याला हळवा असतो. पाणी लागले की तो स्वतःच्याच अंगावर वळतो आणि निकामी होतो. त्यामुळे गोळी बनवतानाही ओले दाणे पाडून ते वाळवण्याची नेहमीची रीत टाळून कोरडी भुकटी थेट दाबण्याचा मार्ग मूळ कंपनीला शोधावा लागला, आणि तयार गोळीला ॲल्युमिनियमची तिजोरी करावी लागली. प्रतिभेच्या आधी अडचण आली. आमच्या व्यवसायात मी ज्याला खरे नवे म्हणेन, अशा बहुतेक गोष्टींची जन्मकथा हीच आहे: रेणू हट्टी निघाला, एकस्व म्हणजे पेटंट संपले, सरकारने भाव बांधला किंवा कुठेतरी माणसे दगावली.

एकस्वाचीच गोष्ट घ्या. व्हिल्डाग्लिप्टिनचे भारतातले एकस्व डिसेंबर २०१९ मध्ये संपले. त्याआधी एका गोळीला वीस रुपयांच्या पुढे मोजावे लागत असत. एकस्व संपताच डझनांनी कंपन्या उतरल्या आणि भाव काही आठवड्यांत कोसळला. आता विचार करा, सगळ्यांकडे रेणू तोच, गोळी तीच आणि भाव खाली, मग एकमेकांशी चढाओढ करायची कशावर? ती उरते बनवण्याच्या रीतीवर: किती द्रावक परत मिळवता येतो, किती गोळ्या फुकट जातात, एका पाळीत यंत्र किती वेळ उभे राहते. वृत्तपत्रात याची बातमी होत नाही, पण माझ्या अनुभवात कारखान्यातली अक्कल सर्वाधिक इथेच खर्च होते. अलू-अलू पट्टी वीस रुपयांच्या गोळीला परवडत होती यात नवल नाही. ती सहा-सात रुपयांच्या गोळीलाही परवडू लागली हे या वस्तूचे खरे कर्तृत्व आहे, आणि गुणांक द्यायचे तर मी याच मुद्द्याला देईन.

आपल्या देशाला ही विद्या जुनी आहे. १९७० चा एकस्व कायदा १९७२ मध्ये लागू झाला, तेव्हा औषधाच्या रेणूवर एकस्व मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या रीतीवर मिळे. परक्या कंपनीचा रेणू वेगळ्या वाटेने बनवला की तो कायदेशीर ठरे. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी 'याच घरात मागच्या दाराने कसे शिरायचे' या एका प्रश्नावर वाढली. लोट्याला मी रुजू झालो तेव्हा आमच्या संशोधन विभागातले ज्येष्ठ लोक याच तालमीतले होते. एका पायरीचे दोन मार्ग माहीत असणे त्यांना पुरेसे वाटत नसे, तिसरा शोधून ठेवत. हीच तालीम होती म्हणून २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांना एचआयव्हीवरचे तीन औषधांचे मिश्रण दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ करता आले. त्या वेळी पाश्चात्त्य बाजारात वर्षाच्या उपचाराला दहा हजार डॉलरच्या घरात खर्च येत होता. १ जानेवारी २००५ पासून रेणूवरही एकस्व मिळू लागले आणि मागचे दार बंद झाले. मात्र तोवर हाताला वळण लागले होते, आणि एकस्व संपण्याच्या तारखेकडे डोळे लावून आधीच तयारी करून बसण्याची सवयही.

काकूंच्या पट्टीकडे येतो. सिटाग्लिप्टिनचे एकस्व २०२२ च्या जुलैत संपले, आणि सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांतून ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या, म्हणजे नावाजलेल्या ब्रँडपेक्षा ६० ते ७० टक्क्यांनी स्वस्त. पट्टी म्हणून तिच्यात पाहण्यासारखे फारसे नाही. प्लास्टिकमधून ओलावा अतिशय सावकाश झिरपतो, आणि हा रेणू तेवढा सोसतो, म्हणून साध्या पट्टीवर भागते. जिथे गरज नाही तिथे अलू-अलू वापरणे हा ग्राहकाच्या पैशाचा अपव्यय आहे, त्यामुळे पारदर्शक पट्टी पाहून औषध हलके समजू नये. या गोळीची नवलाई आत आहे. सुरुवातीला मूळ कंपनी मर्क हा रेणू ऱ्होडियम या मौल्यवान धातूच्या मदतीने, मोठ्या दाबाखालच्या हायड्रोजनने बनवत असे. पुढे मर्क आणि कोडेक्सिस या दोन कंपन्यांनी मिळून एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, पिढ्यान्‌पिढ्या घडवत नेले. मूळ रूपात तो या रेणूला हातही लावत नव्हता, पण शेवटी तेच काम तो साध्या दाबाखाली करू लागला. उत्पादन १० ते १३ टक्क्यांनी वाढले, कचरा १९ टक्क्यांनी घटला आणि जड धातू पूर्णपणे गेले. २०१० मध्ये या कामाला अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. काकूंच्या हातातली गोळी याच मार्गाने बनली असेल असे नाही. प्रत्येक उत्पादक आपला मार्ग निवडतो आणि पट्टीवर तो छापलेला नसतो. ग्राहक म्हणून मला हे खटकते, पण त्यावर उपाय सुचत नाही.

हे सर्व वाचून कोणाला वाटेल की औषध कारखान्यात रोज काही ना काही सुधारत असते. वस्तुस्थिती उलट आहे, आणि बाहेरच्या माणसाला न दिसणारी गोष्ट हीच आहे. औषध मंजूर होते ते त्याच्या बनवण्याच्या रीतीसह मंजूर होते. किती मिनिटे ढवळायचे, कोणत्या जाळीतून गाळायचे, कोणत्या फॉइलमध्ये बांधायचे, हे सर्व कागदावर बांधलेले असते. माझ्या हाताखालच्या एका ऑपरेटरने फॉइलचा रीळ बदलण्याची एक सोपी युक्ती काढली होती, तिने दर पाळीत वीस मिनिटे वाचली असती. ती अमलात यायला सात महिने लागले, कारण बदलाचा अर्ज, त्याचे धोके, पुन्हा चाचण्या, पुन्हा नमुने आणि पुन्हा सह्या असा तो प्रवास होता. तेव्हा मी चिडलो होतो. पुढे वयाने माझा राग शमला, आणि २०१८ मध्ये तर उरलासुरलाही गेला. रक्तदाबावरच्या व्हल्सार्टनमध्ये त्या वर्षी जुलैत कर्करोगाचा धोका वाढवणारी एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली आणि जगभरातून गोळ्या परत बोलवाव्या लागल्या. कारण शोधले तेव्हा कळले की चीनमधल्या एका उत्पादकाने काही वर्षांपूर्वी उत्पादन वाढावे म्हणून एका पायरीतले द्रावक आणि क्षार बदलले होते. सुधारणाच केली होती त्यांनी. ठरलेल्या चाचण्यांत ती अशुद्धी दिसत नव्हती, कारण ती तिथे असेल असे कोणाच्या मनातच आले नव्हते. तेव्हापासून नायट्रोसामाइन, म्हणजे एनडीएमएच्या जातीच्या अशुद्धी, शोधण्याची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे यांवर सर्व कंपन्यांना खर्च करावा लागला, आणि या एका धाकाने विश्लेषणशास्त्र एरवीपेक्षा कितीतरी वेगाने पुढे गेले.

यंत्रणेने मुभा दिली तर काय होते याचेही उदाहरण आहे. एका घाण्यात माल बनवायचा, थांबायचे, तपासायचे आणि मग पुढच्या घाण्याला हात घालायचा, ही बॅचची रीत औषध उद्योगाने इतर उद्योगांनी सोडल्यावरही धरून ठेवली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये प्रक्रिया चालू असतानाच मोजमाप करण्याच्या पद्धतीला मार्गदर्शक सूचना काढून प्रोत्साहन दिले, २०१५ मध्ये अखंड उत्पादनाने बनलेले नवे औषध मंजूर केले, आणि २०१६ मध्ये एचआयव्हीवरच्या एका जुन्या गोळीला बॅचकडून अखंड उत्पादनाकडे वळण्याची परवानगी दिली. म्हणजे सूचना निघाल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत अकरा वर्षे गेली. दुधाच्या डेअरीतला माणूस हे ऐकून हसेल, पण डेअरीला दुधाच्या पाश्चरीकरणाचा प्रत्येक अंश शंभर देशांच्या दप्तरात नोंदवावा लागत नाही.

भावनियंत्रणाविषयी दोन मते आहेत आणि मी दोन्ही बाजूंना बसलेलो आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतल्या औषधाची कमाल किंमत ठरते. बाजारात निदान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी घेतात आणि त्यावर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के धरतात. मुलगा म्हणून मला हा आदेश योग्य वाटतो. पॅकिंगवाला म्हणून मला माहीत आहे की किंमत वरून बांधली की पहिली कात्री पट्टीवर चालते, कारण रेणूचे वजन कमी करता येत नाही, फॉइलची जाडी मात्र करता येते. ॲस्पिरिनच्या स्वस्त पट्टीच्या कडा इतक्या अरुंद का होत्या, याचे उत्तर बहुधा इथे असावे. अर्थात ती कात्री दुकानात चालली होती, कारखान्यात नव्हे.

आणि धाकाविषयी. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. माझ्या पिढीच्या औषध कामगारांना रुजू होताना पहिल्या दिवशी जी गोष्ट सांगितली जाई ती हीच होती. अमेरिकेत याच विषाने १९३७ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली होती आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा आला. इतके सगळे माहीत असून २०२२ मध्ये गॅम्बियात खोकल्याच्या औषधाने मुले दगावल्याचे प्रकरण भारतीय औषधांशी जोडले गेले, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पुन्हा तेच घडले. या विषाची चाचणी शोधायला कोणतेही नवे विज्ञान लागत नाही. कच्च्या मालाचे पिंप उघडल्यावर नमुना काढण्याची शिस्त लागते. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने 'शेड्यूल एम', म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायचे उत्पादनाचे नियम, अधिक कडक झाले, आणि छोट्या कारखान्यांना २०२५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. कोकणातले माझे काही जुने सहकारी आता हवेचे दाब, पाण्याचे नळ आणि नोंदवह्या सुधारण्याच्या कामात आहेत. त्याला कोणी नवनिर्मिती म्हणणार नाही, आणि मला तो शब्द तिथेच सर्वांत शोभून दिसतो.

सांडपाण्याविषयी थोडकेच, कारण ते पट्टीत दिसत नाही. लोट्याच्या वसाहतीत मी असताना वाऱ्याची दिशा बदलली की गावकऱ्यांचे फोन येत. दाभोळ खाडीत मासे मरण्याच्या तक्रारी मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. आमच्या कारखान्यात द्रावक परत मिळवण्याचा मनोरा बसला तो गावच्या मोर्च्यानंतर. दीड वर्षाने हिशेब मांडला तेव्हा परत मिळालेल्या द्रावकाने मनोऱ्याचा बराच खर्च भरून काढला होता. तो आधी का बसवला नाही, या प्रश्नाला व्यवस्थापनाकडे उत्तर नव्हते आणि आमच्याकडेही नव्हते.

परत पट्टीकडे, कारण तक्रारी सांगायच्या राहिल्या. पहिली तक्रार आईच्या बोटांची आहे. मागचे फॉइल इतके कडक की चौऱ्याऐंशी वर्षांच्या अंगठ्याला ते फुटत नाही. गोळी बाहेर येते तेव्हा कधी कधी चौकटीपर्यंत उडते. लहान मुलांच्या हाती गोळी सहज पडू नये म्हणून फॉइल कडक ठेवतात असे कोणी म्हणेल, पण मधुमेहाच्या गोळीचा मुख्य ग्राहक कोणत्या वयाचा असतो हे कंपनीला ठाऊक असायला हवे. दुसरी तक्रार छपाईची. बॅच क्रमांक आणि अंतिम तारीख पट्टीच्या एकाच टोकाला आहे, तीही चकाकत्या पृष्ठभागावर काळ्या शाईत, म्हणजे विजेच्या दिव्याखाली पट्टी आरशासारखी तिरकी धरल्याशिवाय वाचता येत नाही. दुकानदार पाच गोळ्या कापून देतो तेव्हा ते टोक हमखास दुसऱ्याच्या वाट्याला जाते. अलू-अलू पट्टी कापली तर खळग्यांमधली जागा मोठी असल्याने निदान कप्पा उसवत नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. चिपळूणच्या दुकानातल्या मुलाला मी विचारले की तारखेचे टोक राखून उलट्या बाजूने का कापत नाही, तर तो म्हणाला, "काका, मग शेवटच्या गिऱ्हाइकाला काय देऊ?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कप्प्याकप्प्यावर तारीख छापणे यंत्राला अवघड नाही. तसे करायला अजून कोणी भाग पाडलेले नाही, एवढेच.

क्यूआर कोडचे मात्र कौतुक. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर तो सक्तीचा झाला. आईची पट्टी त्या यादीतली नाही, तरी कंपनीने कोड छापला आहे आणि मोबाइलने तो वाचल्यावर बॅच, तारीख आणि परवाना क्रमांक स्वच्छ दिसला. म्हणजे टोकाला न वाचता येणारी तारीख फोनमध्ये वाचता येते. आमच्या वाडीत पावसाळ्यात नेटवर्क असेल तर.

एकूण मत असे की दमट हवेत राहणाऱ्यांनी ओलाव्याला हळवे औषध घेताना अशीच पट्टी मागून घ्यावी, कापून घेऊ नये, आणि गोळी खाण्याच्या क्षणापर्यंत ती पट्टीतच राहू द्यावी. पाचपैकी चार गुण. एक गुण आईच्या अंगठ्यासाठी राखून ठेवला आहे. सध्या सकाळी आणि संध्याकाळी मीच गोळी फोडून वाटीत ठेवतो. पुण्याहून आलेल्या सात कप्प्यांच्या डबीत पत्नीने बटणे, हुक आणि सुया ठेवल्या आहेत. बटणे उत्तम आहेत, सुयांना गणपतीपर्यंत गंज चढला.